तीन नोड, एकच फाइल सर्व्हर: सेफएफएसवर सांबा आणि सीटीडीबीची मांडणी

प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीतल्या टूल-डिझाइन ऑफिसात तीन सर्व्हरवर सेफएफएस, म्हणजे अनेक मशीनच्या डिस्कांवर पसरलेली एकच सामायिक फाइल सिस्टिम, चालू आहे. ७० विंडोज मशीन, एक अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन (विंडोजचे लॉगिन एका जागी सांभाळणारी व्यवस्था) आणि कॅडच्या मोठमोठ्या असेंब्ली. तिन्ही सर्व्हरवर सांबा, म्हणजे लिनक्सवरच्या फाइली विंडोजला शेअर करणारा प्रोग्रॅम, बसवून एकच फोल्डर शेअर केला. कोणी पहिल्या सर्व्हरला जोडलेला, कोणी तिसऱ्या. दोघांनी एकच असेंब्ली उघडली, दोघांनाही लिहू दिले गेले आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचे तेवढे काम उरले. फाइल सिस्टिम क्लस्टरची असताना लॉक का लागले नाही, आणि हे नीट कसे बसवायचे?

सेफएफएसचे यात काही चुकले नाही. विंडोज मशीन फाइल उघडताना एक अट घालते: माझ्याकडे ही उघडी आहे तोवर दुसऱ्या कोणी लिहायचे नाही. याला शेअर मोड म्हणतात. लिनक्सच्या फाइल सिस्टिमला ही अट कळतच नाही, म्हणून सांबा ती स्वतःच्या वहीत टिपून ठेवतो. ती वही म्हणजे लॉकिंग डॉट टीडीबी ही स्थानिक डिस्कवरची छोटी डेटाबेस फाइल. तुमच्याकडे तीन सर्व्हर, म्हणजे तीन वह्या, आणि एकीतले दुसरीला ठाऊक नाही. बाइट सगळीकडे सारखे दिसत होते. ते कोणी अडवून ठेवले आहेत याची नोंद मात्र सामायिक नव्हती.

मग ती टीडीबी फाइलच सेफएफएसवर ठेवली तर? हा उपाय बऱ्याच जणांना सुचतो, पण तो करू नका. टीडीबी फाइल मेमरीत मॅप करून वापरली जाते आणि प्रत्येक ओपन-क्लोजला तिच्यावर बारीक बारीक लॉक लागतात. नेटवर्कवरून हे कमालीचे मंद चालते, आणि दोन नोडांनी (नोड म्हणजे क्लस्टरमधला एकेक सर्व्हर) मेमरीत मॅप केलेली एकच फाइल दोघांना क्षणोक्षणी सारखी दिसेल याचा भरवसा नसतो. सीटीडीबी हा सांबाच्या वह्या नोडांमध्ये सामायिक करणारा प्रोग्रॅम लिहिला गेला तो नेमका याच अडचणीवर. यात प्रत्येक नोडची टीडीबी स्थानिक डिस्कवरच राहते. ज्या नोडला एखादी नोंद हवी असेल त्याच्याकडे ती नेटवर्कवरून सरकते, आणि ज्याच्याकडे ती शेवटची होती त्याची प्रत खरी. नोड मेला तर त्याच्याकडच्या तात्पुरत्या नोंदी जातात, पण त्या नोडला जोडलेल्यांच्या उघड्या फाइलीही तशाही गेलेल्याच असतात, त्यामुळे तो तोटा परवडतो. डोमेनचा पासवर्ड, रजिस्ट्री यांसारख्या कायमच्या डेटाबेसची पूर्ण प्रत मात्र सगळ्या नोडांवर असते.

पुढे जाण्याआधी एक सूचना. इथे आज्ञा आणि सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग. आणि जुन्या मार्गदर्शिका जपून वाचा. सीटीडीबी सांबाच्याच सोर्समध्ये आला ४.२ या आवृत्तीत, २०१५ साली. २०१८ च्या ४.९ पासून त्याची सेटिंग /ईटीसी/सीटीडीबी/सीटीडीबी डॉट कॉन्फ या नव्या धाटणीच्या फाइलीत गेली. २०२२ च्या ४.१६ पासून रिकव्हरी लॉकला क्लस्टर लॉक आणि रिकव्हरी मास्टरला, म्हणजे नोडांमधल्या सूत्रधार नोडला, लीडर म्हणू लागले. सिसकॉन्फिग फाइलीत मोठ्या अक्षरांतली व्हेरिएबल लिहायला सांगणारा लेख दिसला की तो ४.९ पूर्वीचा समजा. त्यातली सेटिंग आज वाचलीच जात नाहीत, आणि लॉक लावलाय या समजुतीत क्लस्टर बिनलॉकचा चालतो.

सांबा कुठे बसवायचा

ज्या सर्व्हरवर सेफच्या, म्हणजे सेफएफएसखालच्या साठवण यंत्रणेच्या, डिस्क सांभाळणाऱ्या सेवा (ओएसडी) चालतात त्याच सर्व्हरच्या कर्नलने सेफएफएस माउंट करू नये. मेमरी कमी पडली की कर्नल माउंटमधला न लिहिलेला डेटा बाहेर ढकलू पाहतो. तो घ्यायचा असतो त्याच मशीनवरच्या ओएसडीने, आणि ओएसडीला त्यासाठी मेमरी हवी असते, जी कर्नलकडे नाही. दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात आणि सर्व्हर गोठतो. एरवी महिनोन्‌महिने काही होत नाही, आणि मग नेमके एखाद्या जड बॅकअपच्या रात्री होते.

यातून दोन वाटा आहेत. एक, सांबाचे सेफसाठीचे व्हीएफएस मॉड्यूल (सेफशी थेट बोलणारा जोड-भाग) वापरायचे, म्हणजे कर्नल माउंट लागतच नाही. पण सांबा प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी प्रोसेस चालवतो आणि अशा प्रत्येक प्रोसेसचा सेफ क्लायंट वेगळा, त्याची कॅश वेगळी. ७० मशीन म्हणजे ७० क्लायंट. एमडीएसवर (फाइलींची नावे-नोंदी सांभाळणारी सेफएफएसची सेवा) तेवढी सत्रे आणि गेटवेवर (सांबा चालवणारे मशीन) तेवढी मेमरी. दुसरी वाट, तिन्ही सर्व्हरवर एकेक केव्हीएम व्हर्च्युअल मशीन काढून तिच्यात सांबा आणि कर्नल माउंट ठेवायचा. कर्नल वेगळा झाला की वरची कोंडी सुटते. ७० जणांच्या ऑफिसाला मी ही दुसरीच वाट सुचवेन: प्रत्येकी ४ व्हीसीपीयू, १६ जीबी रॅम आणि ४० जीबीची स्थानिक डिस्क, शक्यतो एसएसडीवर, कारण सीटीडीबीच्या टीडीबी फाइली तिच्यावरच नांदणार आहेत. त्या मशीनचा होस्टवरून मेमरीसकट स्नॅपशॉट घ्यायच्या भानगडीत पडू नका. मशीन अर्धा मिनिट थांबले तरी क्लस्टर त्याला मेलेले धरू शकतो.

पत्ते आणि नेटवर्क

तीन प्रकारचे पत्ते लागतात आणि त्यांची सरमिसळ हे पहिल्या दिवशीचे सगळ्यात मोठे दुखणे.

खासगी पत्ते नोडांच्या आपसातल्या बोलण्यासाठी: १०.१०.५०.११, १२ आणि १३. सीटीडीबी टीसीपी पोर्ट ४३७९ वर बोलतो. त्या बोलण्यावर ना एन्क्रिप्शन आहे ना ओळखतपासणी, म्हणून हे व्हीलॅन (स्विचवरचा स्वतंत्र नेटवर्क भाग) वेगळेच ठेवा, ऑफिसच्या मशीनना तिथे वाट नको. मग प्रत्येक नोडचा कायमचा व्यवस्थापनाचा पत्ता: १९२.१६८.२०.२१ ते २३. आणि शेवटी सार्वजनिक पत्ते, ज्यांना विंडोज मशीन जोडली जातील. हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेटवर्क सेटिंगमध्ये अजिबात लिहायचे नाहीत. ते लावणे, काढणे, दुसऱ्या नोडवर हलवणे ही सगळी कामे सीटीडीबीची. नेटवर्कमॅनेजरमध्येही तोच पत्ता लिहिलात तर नोड रीबूट झाल्यावर तो पत्ता दोन ठिकाणी जिवंत होतो.

सार्वजनिक पत्ते किती? तीन नोडांना तीन पुरतात, पण सहा घ्या. तीनच असले तर एक नोड गेल्यावर त्याचा पत्ता उरलेल्या दोघांपैकी एकाकडेच जातो आणि त्याच्यावर दुप्पट भार पडतो. सहा असले तर प्रत्येकाकडे दोन असतात, एक गेल्यावर उरलेल्यांकडे तीन-तीन. नोडांची संख्या गुणिले त्याहून एक कमी, असा हिशेब. म्हणून १९२.१६८.२०.३१ ते ३६.

नोड्स फाइलीत खासगी पत्ते, एका ओळीत एक, तिन्ही नोडांवर त्याच क्रमाने:

    १०.१०.५०.११
    १०.१०.५०.१२
    १०.१०.५०.१३

ओळीचा क्रमांक हाच नोडचा क्रमांक, शून्यापासून. पुढे एखादा नोड कायमचा काढलात तरी ओळ पुसू नका, तिच्या आधी हॅशचे चिन्ह टाका. पुसली की खालच्या सगळ्यांचे क्रमांक वर सरकतात आणि क्लस्टरचा हिशेब बिघडतो. पब्लिक_अ‍ॅड्रेसेस फाइलीत प्रत्येक ओळीत पत्ता, तिरकी रेघ, नेटमास्कचे बिट आणि मग इंटरफेसचे नाव: १९२.१६८.२०.३१/२४ आणि पुढे तुमच्या कार्डाचे नाव. हे नाव प्रत्येक मशीनवर आयपी लिंक आज्ञेने पाहून लिहा. एका मशीनवर कार्डाचे नाव वेगळे निघाले आणि फाइल मात्र तशीच कॉपी केलेली असली की तो नोड सारखा अनहेल्दी, म्हणजे सीटीडीबीच्या तपासणीत नापास, दिसतो आणि कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो.

व्हर्च्युअल मशीन वापरताना आणखी एक बघा. पत्ता हलला की नवा नोड ग्रॅच्युइटस एआरपी पाठवून स्विचला आणि शेजाऱ्यांना कळवतो. होस्टवरचे स्पूफिंगविरोधी फिल्टर किंवा स्विचवरची एआरपी तपासणी ते पाकीट गिळून टाकते. अशा वेळी सीटीडीबीच्या लेखी पत्ता हललेला असतो, पण विंडोज मशीन जुन्याच मॅक पत्त्यावर हाका मारत बसतात.

माउंट, आणि त्याची खरी परीक्षा

तिन्ही गेटवेवर सेफएफएस एकाच जागी माउंट करा, समजा /एमएनटी/सेफएफएस. एफएसटॅबमधली माउंटची ओळ तिन्हीकडे अक्षरशः एकच हवी: मॉनिटरचा (क्लस्टरची स्थिती सांभाळणाऱ्या सेफच्या सेवा) क्रम तोच, सेफचा यूजर तोच. प्रत्येक गेटवेला वेगळा सेफ यूजर देणे एरवी चांगली सवय, पण इथे ती नडते. ती कशी, हे पुढे सांबाच्या फाइलआयडी मॉड्यूलच्या भागात सांगतो. माउंट करण्याआधी रिकाम्या फोल्डरवर सीएचॲटर अधिक-आय लावून ठेवा. कधी माउंट झालाच नाही तर त्या रिकाम्या फोल्डरात कोणी काही लिहू शकणार नाही. नाहीतर एक नोड सुखाने स्थानिक डिस्कवर फाइली साठवत बसतो आणि फोन येतो की सकाळचे काम गायब झाले. सीटीडीबीच्या सिस्टिमडी युनिटमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही ओळ घालून या माउंटवर अवलंबित्व ठेवा.

आता चाचणी. सांबाबरोबर पिंग_पाँग नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. तो फाइलीवर एफसीएनटीएल लॉक (लिनक्सचे स्वतःचे फाइल-लॉक) झपाट्याने घेतो आणि सोडतो. त्याला फाइलीचे नाव आणि नोडांच्या संख्येहून एक जास्त आकडा द्यायचा, तुमच्यासाठी ४. आधी एका नोडवर चालवा, सेकंदाला अमुक इतके लॉक असा आकडा दिसेल. मग त्याच फाइलीवर दुसऱ्या नोडवर चालवा. आकडा धाडकन पडला पाहिजे. पडला नाही तर ते आनंदाचे नाही; दोन्ही नोडांना एकमेकांचे लॉक दिसत नाहीत असा त्याचा अर्थ, आणि अशा माउंटवर पुढे काहीच उभे करू नका. मग उणे-आरडब्ल्यू हा पर्याय घालून पुन्हा चालवा. एका नोडवर डेटा इन्क्रिमेंट १ दिसतो, दोनांवर २, तीनांवर ३. तो आकडा नोडांइतका आला नाही तर लॉक लागले तरी डेटा शिळा मिळतो आहे. सगळे ठीक असेल तर एका नोडचा प्लग काढून बघा, उरलेल्या दोघांवरचा पिंग_पाँग थोडा थांबून पुन्हा चालू झाला पाहिजे. या सगळ्याला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवू नका.

क्लस्टर लॉक

सीटीडीबी स्वतः बहुमत मोजत नाही. खासगी नेटवर्क तुटून नोडांचे दोन गट पडले तर दोन्ही गट आपला लीडर निवडतील, दोन्ही गट सगळे सार्वजनिक पत्ते स्वतःकडे घेतील आणि मग फाइलींची वाट लागेल. याला अडवतो तो क्लस्टर लॉक: ज्याच्या हाती लॉक तोच लीडर. तो सेटिंगमध्ये ऐच्छिक असला तरी ऐच्छिक समजू नका.

सर्वसाधारण मार्ग म्हणजे सामायिक फाइल सिस्टिमवरच्या एका फाइलीवर लॉक. सेफएफएसवर याला एक खोट आहे. लॉक धरलेला नोड अचानक मेला तर एमडीएस त्याचे सत्र लगेच मोडत नाही. ६० सेकंद नूतनीकरण आले नाही की सत्र शिळे ठरते, आणि पूर्ण हकालपट्टीची मूळ मुदत ३०० सेकंद आहे. तेवढा वेळ नवा लीडर लॉकसाठी ताटकळतो. म्हणून सेफवर रॅडॉसचा (सेफचा मूळ साठवण थर) मदतनीस वापरा. तो थेट रॅडॉसमधल्या एका ऑब्जेक्टवर १० सेकंदांच्या मुदतीचा लॉक घेतो आणि नूतनीकरण करत राहतो. धरणारा मेला की १० सेकंदांत लॉक मोकळा. सीटीडीबी डॉट कॉन्फमध्ये क्लस्टर या विभागाखाली:

    क्लस्टर लॉक = !/यूएसआर/लिबएक्झेक/सीटीडीबी/सीटीडीबी_म्यूटेक्स_सेफ_रॅडॉस_हेल्पर सेफ क्लायंट.सीटीडीबी सीटीडीबीपूल लॉक

उद्गारचिन्हाचा अर्थ ही फाइल नव्हे, चालवायचा प्रोग्रॅम आहे. त्याचा मार्ग डिस्ट्रोप्रमाणे बदलतो आणि काही डिस्ट्रोंत तो वेगळ्या पॅकेजात येतो. पूल (रॅडॉसमधला साठवणीचा कप्पा) छोटाच, प्रती तीन. क्लायंट.सीटीडीबी या यूजरला मॉनिटरवर वाचण्याचा आणि त्या पूलवर वाचणे, लिहिणे व एक्झिक्यूट असे तिन्ही अधिकार द्या. एक्झिक्यूट विसरला जातो. रॅडॉसचा लॉक ऑब्जेक्ट क्लासमधून चालत असल्याने त्याशिवाय तो मिळत नाही, आणि नोड चालू होतो, अडतो, पुन्हा प्रयत्न करतो असे चक्र लागते.

सीटीडीबी आधी, सांबा मागून

क्रम महत्त्वाचा. सिस्टिमडीत एसएमबी, एनएमबी आणि विनबाइंड या सेवा तिन्ही नोडांवर बंद करून डिसेबल करा. त्यांना चालू-बंद करणे आता सीटीडीबीचे काम. डिस्ट्रोच्या अपडेटनंतर त्या कधी आपोआप पुन्हा एनेबल होतात, तेव्हा अपडेट झाला की बघत जा.

मग एसएमबी डॉट कॉन्फ लिहा, तिन्हीकडे तीच. ग्लोबल विभागातले मुख्य:

    क्लस्टरिंग = येस
    नेटबायोस नेम = फाइल्स
    सिक्युरिटी = एडीएस
    व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = फाइलआयडी एसीएल_एक्सॲटर
    फाइलआयडी:अल्गोरिदम = एफएसनेम

नेटबायोस नाव तिन्ही नोडांवर एकच. डोमेनच्या दृष्टीने हा एकच संगणक आहे. वर्कग्रुप आणि रिअल्म तुमच्या डोमेनप्रमाणे. आयडीमॅपसाठी (विंडोज यूजरला लिनक्सचा क्रमांक देणे) डोमेनला रिड बॅकएंड द्या, म्हणजे यूजरचा क्रमांक हिशेबाने निघतो आणि तिन्ही नोडांवर सारखाच येतो. तारांकित मूळ डोमेनसाठी टीडीबी२. दोन्हींच्या रेंज एकमेकींवर चढू देऊ नका.

आता जॉइन, म्हणजे या क्लस्टरला डोमेनमध्ये सामील करणे. क्लस्टरिंग येस असताना डोमेनचा पासवर्ड सीटीडीबीच्या कायमच्या डेटाबेसमध्ये जातो, म्हणून जॉइन करताना सीटीडीबी चालू असलाच पाहिजे, पण सांबा त्याच्या ताब्यात अजून नको. तर आधी सीटीडीबी तिन्हीकडे चालू करा, सीटीडीबी स्टेटसमध्ये तिन्ही नोड ओके दिसेपर्यंत थांबा, आणि मग कोणत्याही एकाच नोडवरून नेट एडीएस जॉइन चालवा, डीएनएस नोंद न करण्याचा पर्याय घालून. तिन्ही नोडांवर जॉइन चालवणे ही नेहमीची चूक. प्रत्येक जॉइन आधीच्याचा पासवर्ड बदलते. जॉइन झाले की तिन्ही नोडांवर सीटीडीबी इव्हेंट स्क्रिप्ट एनेबल लेगसी ४९.विनबाइंड आणि ५०.सांबा, मग सीटीडीबी रीस्टार्ट. घड्याळ क्रोनीने जुळलेले हवे. कर्बेरॉस (डोमेनची ओळख पटवण्याची पद्धत) पाच मिनिटांपुढचा फरक चालवून घेत नाही.

डीएनएसमध्ये फाइल्स या नावाला सहाही सार्वजनिक पत्त्यांच्या ए नोंदी द्या आणि राउंड रॉबिन (पत्ते आलटूनपालटून देणे) चालू ठेवा. व्यवस्थापनाचे पत्ते त्या नावाखाली चुकूनही नकोत, त्यांवरून जोडलेला माणूस नोड गेल्यावर हलणार नाही. विंडोजवर सगळीकडे \\फाइल्स\डिझाइन असाच मार्ग मॅप करा. पत्ता थेट टाकून मॅप केले तर कर्बेरॉसऐवजी एनटीएलएम लागते आणि भारही वाटला जात नाही.

फाइलआयडी, जिथे गुपचूप फसते

सांबा लॉकिंग डॉट टीडीबीत नोंद कशाच्या नावाने करतो? डिव्हाइस क्रमांक आणि आयनोड (फाइलीचा अंतर्गत क्रमांक) या जोडीच्या. सेफएफएसवर आयनोड सगळीकडे सारखा, पण डिव्हाइस क्रमांक प्रत्येक नोडचा कर्नल आपापल्या माउंटच्या क्रमाने देतो. म्हणजे सीटीडीबी व्यवस्थित, सगळे नोड ओके, पण एकाच फाइलीची नोंद दोन वेगळ्या नावांनी. तुमचा मूळ रोग जसाच्या तसा, वरून हिरवा दिवा. फाइलआयडी मॉड्यूल डिव्हाइस क्रमांक माउंटच्या स्रोताच्या नावावरून बनवते, म्हणून ती ओळ तिन्हीकडे एकच हवी असे वर म्हटले. माउंटच्या नव्या वाक्यरचनेत स्रोताच्या नावात सेफचा यूजरही असतो. यूजर वेगळा तर नाव वेगळे, आणि फाइलआयडी असूनही लॉक वेगळे.

दुसरी खोच: शेअरच्या विभागात व्हीएफएस ऑब्जेक्ट्स पुन्हा लिहिले तर ग्लोबलमधली यादी त्या शेअरपुरती पूर्ण पुसली जाते, तिच्यात भर पडत नाही. स्नॅपशॉटसाठी शेअरमध्ये सेफ_स्नॅपशॉट्स घातले आणि फाइलआयडी पुन्हा लिहायचे राहिले, की त्या एका शेअरचे लॉक नोडांपलीकडे चालत नाहीत. टेस्टपार्म या सेटिंग तपासणाऱ्या आज्ञेने छापलेली यादी प्रत्येक शेअरसाठी वाचा.

खात्री डोळ्यांनी करायची. दोन विंडोज मशीन वेगवेगळ्या नोडांना जोडा. सीटीडीबी आयपीने पत्ता कुणाकडे आहे ते दिसेल, चाचणीपुरता पत्ता टाकून जोडले तरी चालेल. पहिल्यावर पॉवरशेलमधून सिस्टिम.आयओ.फाइलच्या ओपनने एक फाइल फाइलशेअर नन देऊन उघडी ठेवा. दुसऱ्यावर तीच उघडायला जा. फाइल दुसऱ्या प्रोसेसकडे आहे अशी तक्रार आली पाहिजे. नुसते एसएमबीस्टेटस पाहून समाधान मानू नका. त्यात प्रोसेस क्रमांकाआधी नोड क्रमांक दिसतो, क्लस्टर छान जुळल्यासारखा वाटतो, आणि नोंदी दोन वेगळ्या असल्या तरी दोन्ही ओळी तिथे दिसतातच.

वेग

तुमच्याकडे फाइलींना फक्त सांबामधूनच हात लागत असेल तर शेअरवर पॉसिक्स लॉकिंग = नो करा. बाइट-रेंज लॉक तसेही सीटीडीबीतून सगळ्या नोडांना ठाऊक असतात, प्रत्येकासाठी एमडीएसपर्यंत फेरी मारायची गरज नाही. लिनक्सवरून कोणी थेट माउंट करून त्याच फाइलीत लिहीत असेल तर मात्र हे येसच राहू द्या.

सकाळी नऊला सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा शेअर उघडायला वेळ लागत असेल, तर शेअरच्या मुळाच्या फोल्डरची नोंद पाहा. ७० जण तोच फोल्डर उघडतात आणि ती एक नोंद तीन नोडांमध्ये चेंडूसारखी फिरते. सीटीडीबी डीबीस्टॅटिस्टिक्स लॉकिंग डॉट टीडीबीमध्ये अशा तापलेल्या नोंदी दिसतात. उपाय: फाइलआयडी:अल्गोरिदम = एफएसनेम_नोरूटडिर. यात फक्त मुळाच्या फोल्डरला प्रत्येक नोड वेगळी ओळख देतो. तो फोल्डर कोणी पुसत वा नाव बदलत नाही, म्हणून नुकसान नाही. मूळ फोल्डरमध्येच हजारो फाइली सांडल्या असतील तर त्या आधी उपफोल्डरात लावा.

एमडीएस एक सक्रिय आणि एक स्टँडबाय-रिप्ले (लगेच जागा घ्यायला तयार) एवढेच ठेवा. ७० लोकांसाठी दोन सक्रिय एमडीएस म्हणजे उगाच गुंता.

नोड गेला तर काय दिसते

नोडचा प्लगच निघाला तर उरलेल्यांना ते कळायला मूळ सेटिंगप्रमाणे सुमारे २५ सेकंद लागतात: दर ५ सेकंदांनी एक हाक, पाच हाका चुकल्या की नोड गेला. मग रिकव्हरी होते, म्हणजे उरलेले नोड डेटाबेस पुन्हा जुळवतात, पत्ते हलतात आणि नवा नोड जुन्या टीसीपी जोडण्यांना टिकल पाकिटे पाठवून जागे करतो, म्हणजे विंडोज मिनिटभर गप्प न बसता लगेच पुन्हा जोडते. पण उघड्या फाइलीचे हँडल नोडबरोबर जाते. कॉपी चालू असेल तर ती तुटेल, कॅडमध्ये उघडी असेंब्ली सेव्ह करताना चूक दाखवील. लोकांना आधीच सांगून ठेवा की अशा वेळी दुसऱ्या नावाने सेव्ह करायचे. सांबा ४.२० मध्ये विटनेस प्रोटोकॉल आला, त्याने क्लायंटला पत्ता हलल्याची खबर लवकर मिळते; उघडी फाइल काही त्याने वाचत नाही. मेलेल्या नोडने लिहिण्यासाठी धरलेल्या फाइली दुसऱ्या नोडवर मिनिटभर अडकू शकतात, तो वर सांगितलेला ६० सेकंदांचा हिशेब. ती मुदत १० सेकंदांवर आणायचा मोह टाळा, भार वाढला की एमडीएस जिवंत गेटवेच हाकलू लागेल.

ठरवून देखभाल करायची असेल तर नोड बंद करण्याआधी सीटीडीबी डिसेबल चालवा, पत्ते आधी सरकतात. नोड अनहेल्दी दिसला तर सीटीडीबी इव्हेंट स्टेटस लेगसी मॉनिटर चालवले की कोणती स्क्रिप्ट पडली ते कळते, अंदाज बांधायची गरज नाही. बॅन झालेला, म्हणजे क्लस्टरने काही काळ बाजूला काढलेला, नोड मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंदांनी आपण परत येतो. परत येऊन पुन्हा बॅन होत असेल तर लॉगमध्ये क्लस्टर लॉक शोधा, बहुतेकदा सेफची की किंवा अधिकार निघतात. सेफचे व्हीएफएस मॉड्यूल वापरत असाल तर ५०.सांबाची शेअर तपासणी स्थानिक डिस्कवर मार्ग शोधते आणि तो सापडत नाही. तेव्हा स्क्रिप्ट डॉट ऑप्शन्समध्ये सीटीडीबी_सांबा_स्किप_शेअर_चेक येस करा.

गुरुवार, वीज आणि अपग्रेड

भोसरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि वीजकंपनीची देखभालही बहुधा त्याच दिवशी. यूपीएस संपेपर्यंत सगळे आपोआप पडू देण्यापेक्षा क्रमाने बंद करा. आधी ऑननोड ऑल सीटीडीबी शटडाउन, मग तिन्ही गेटवेवर अनमाउंट, मग फाइल सिस्टिम डाउन करणे, सेफवर नोआउट ध्वज, आणि शेवटी सर्व्हर. चालू करताना उलटा क्रम: मॉनिटर, ओएसडी, एमडीएस, आणि सेफ स्टेटस स्वच्छ दिसल्यावरच माउंट आणि सीटीडीबी. एकाच सर्व्हरचे काम असेल तरी नोआउट लावा. नाहीतर १० मिनिटांनी सेफ त्या डिस्क बाद धरून सगळा डेटा नव्याने वाटू लागतो, आणि ते चालू असताना शुक्रवारची कॅड कामे रडतात. ध्वज काम झाल्यावर काढायला विसरू नका.

अपग्रेडही गुरुवारीच ठेवा, कारण तो एकेक नोड करून होत नाही. वेगवेगळ्या आवृत्त्यांचे सांबा एका क्लस्टरमध्ये चालत नाहीत: दुसऱ्या नोडवर वेगळी आवृत्ती दिसली की एसएमबीडी सुरूच होत नाही. अलाउ अनसेफ क्लस्टर अपग्रेड नावाचे सेटिंग आहे, आणि नावातच अनसेफ लिहिले आहे. तेव्हा तिन्ही नोडांवर सांबा आणि सीटीडीबीची पॅकेज होल्ड करून ठेवा, म्हणजे रात्रीचे आपोआप होणारे अपडेट एकाच नोडला पुढे नेणार नाही. अपग्रेडच्या दिवशी सीटीडीबी तिन्हीकडे बंद, पॅकेज तिन्हीकडे एकच, मग तिन्ही चालू, आणि वरची पॉवरशेलची चाचणी पुन्हा एकदा. कायमच्या डेटाबेसची प्रत त्याआधी सीटीडीबी बॅकअपडीबीने काढून सेफएफएसबाहेर ठेवा.